संस्थापकावरच आरोप झाले, तर चौकशी कोणी करावी?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिस्ती संस्थांविषयी वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा खटकते. प्रमुख पाळकावर गंभीर आरोप झाले, की संस्थेचे पहिले निवेदन बहुधा त्याच्या चारित्र्याची ग्वाही देते आणि पुढे कधीतरी त्याच संस्थेला क्षमा मागावी लागते. शिकागोजवळच्या विलो क्रीक मंडळीत (चर्चमध्ये) मार्च २०१८ मध्ये तिचे संस्थापक पाळक बिल हायबेल्स यांच्यावर महिलांशी गैरवर्तनाचे आरोप झाले, तेव्हा वडीलमंडळ, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची समिती, त्यांच्या पाठीशी उभे राहिले. एप्रिलमध्ये हायबेल्स यांनी पद सोडले आणि ऑगस्टमध्ये संपूर्ण वडीलमंडळालाच राजीनामा द्यावा लागला. सत्याची शिकवण देणाऱ्या संस्थांचे असे का होते? हा श्रद्धेचा दोष मानावा, की कारभाराचा?

उत्तर १

माझ्या मते दोष मुख्यतः कारभाराचा आहे, आणि ख्रिस्ती धर्माची तर्काने बाजू मांडणारे वक्ते रवी झकरायस यांच्या संस्थेत तो सर्वांत स्पष्ट दिसतो. ही संस्था १९८४ मध्ये त्यांनी स्थापन केली, ती त्यांच्याच नावाने चाले, देणग्या त्यांच्या नावावर येत आणि विश्वस्तांची नावेसुद्धा जाहीर केली जात नसत. २०१७ मध्ये कॅनडातील एका महिलेने तक्रार केली, तेव्हा झकरायस यांनीच तिच्यावर दावा लावला. तो दावा गोपनीयतेच्या करारावर मिटला. त्यामुळे त्या महिलेला पुढे बोलणे अशक्य झाले, आणि त्यांची बाजू मात्र लोकांपुढे राहिली. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मसाज करणाऱ्या महिलांचे आरोप प्रसिद्ध झाले, तरी हे आपल्याला माहीत असलेल्या व्यक्तीशी जुळत नाही, हीच संस्थेची पहिली प्रतिक्रिया होती. बाहेरच्या वकिलांकडे चौकशी सोपवल्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल जाहीर झाला, आरोप खरे ठरले आणि विश्वस्तांनी २०१७ च्या तक्रारदार महिलेचीही क्षमा मागितली. ज्यांचे वेतन, प्रतिष्ठा आणि सेवाकार्य एकाच माणसावर अवलंबून आहे, त्यांच्याकडून त्याच्याविषयी निष्पक्ष निवाड्याची अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

उत्तर २

मी स्वतः ख्रिस्ती विश्वासी आहे, आणि केवळ कारभाराकडे बोट दाखवणे मला पुरेसे वाटत नाही, कारण शास्त्राचा वापरही तितक्याच काळजीने तपासला पाहिजे. तक्रार आली, की बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेऊन पीडित व्यक्तीला ‘आधी त्यांना एकांतात भेटा’ असे सांगितले जाते. भावाभावांतील अपराधाविषयीची ही शिकवण, ज्याच्या हाती सत्ता आहे आणि ज्याने त्या सत्तेचा गैरवापर केला, त्याच्यासमोर पीडितेला एकटी उभी करण्यासाठी वापरणे मला घोर अन्याय वाटतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचेही तसेच. दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलावरील आरोप स्वीकारू नये, ही एकोणिसावी ओवी सगळ्यांना पाठ असते. पाप करणाऱ्यांचा दोष सर्वांसमक्ष दाखवावा, म्हणजे इतरांनाही भय वाटेल, असे सांगणारी विसावी ओवी मात्र क्वचितच वाचली जाते. श्रद्धेने इथे चौकशीची वाट अडवलेली नाही. ती अडवण्यासाठी तिच्यातला सोयीचा अर्धा भाग वापरला गेला.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. मात्र एका संस्थापकाचा प्रभाव हेच मूळ कारण धरले, तर सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचा, म्हणजे अमेरिकेतील बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या एका मोठ्या संघाचा, उलगडा होत नाही. तिथे असा एक सर्वेसर्वा नाही. सुमारे ४७,००० मंडळ्या आहेत आणि प्रत्येक स्वायत्त आहे. शोषणाचे आरोप असलेल्या पाळकांची सामायिक यादी करावी, ही मागणी २००८ मध्ये याच स्वायत्ततेचे कारण देऊन फेटाळली गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील दोन वृत्तपत्रांनी वीस वर्षांच्या काळातील सातशेहून अधिक पीडितांची माहिती समोर आणली. मे २०२२ च्या स्वतंत्र चौकशी अहवालातून तर असे उघड झाले, की कार्यकारी समितीच्या कार्यालयात आरोपींची यादी अनेक वर्षे ठेवली जात होती. यादी करणे अशक्य आहे असे पीडितांना सांगितले जात असताना ती तयार होती, हे वाचून मन सुन्न होते. जबाबदारी एका हातात एकवटली तर ती दडपली जाते आणि हजारो हातांत विखुरली तर कोणाचीच राहत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. मग एखाद्या संस्थेने जाहीर केलेली चौकशी विश्वासार्ह आहे की नाही, हे सामान्य सभासदाने कशावरून ओळखावे?

उत्तर ३

‘स्वतंत्र’ या शब्दावर विसंबू नये. नेमणुकीचा करार मागावा. चौकशी करणारे कोणाला उत्तरदायी आहेत, पूर्वी झालेल्या गोपनीयतेच्या करारांतून पीडितांना मुक्त केले आहे का, आणि अहवाल आधी विश्वस्तांच्या वकिलांकडे जाणार की थेट सर्वांसमोर येणार, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. सदर्न बॅप्टिस्टांच्या बाबतीत खरा संघर्ष यावरच झाला. जून २०२१ च्या अधिवेशनात प्रतिनिधींनी चौकशीचा ठराव केला, पण वकिलांशी झालेला पत्रव्यवहार खुला करण्यास कार्यकारी समिती आठवडेच्या आठवडे तयार नव्हती. ऑक्टोबरमध्ये तिने तो गोपनीय ठेवण्याचा हक्क सोडला, आणि त्यानंतर तिच्या अध्यक्षांनी व काही सदस्यांनी राजीनामे दिले. तो पत्रव्यवहार खुला झाला नसता, तर त्या यादीची माहिती बाहेर आली असती असे मला वाटत नाही.