रॉकमधला कुठला गिटारवाला तुम्हाला त्याच्या नावाएवढा मोठा वाटत नाही? आणि जॅझ समोर बसून ऐकलंय का कुणी?

तिसरं गेट

रविवारी बेळगावात शहापूरच्या जुन्या घराचा माळा आवरला. पावसाआधी कौलं शाकारायची होती. कोपऱ्यात बिस्किटांच्या खोक्यात अण्णाच्या कॅसेटी निघाल्या, मोजून बावीस. सगळ्यांवर त्याचं निळ्या शाईतलं तिरकं अक्षर. एकीची टेप बाहेर आलेली आणि चाकात पेन्सिल तशीच अडकवलेली. गुंडाळता गुंडाळता कुणीतरी हाक मारली असणार आणि तो उठून गेला असणार. अण्णाला जाऊन सहा वर्षं झाली. ती पेन्सिल काही मला काढवेना.

९१-९२ साली वरच्या खोलीत त्याचे तीन मित्र जमायचे. मी बारा वर्षांचा, चहा पोचवायचं काम माझं. वाद ठरलेला, इंग्लंडचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन मोठा की नाही. एकाचं म्हणणं, लंडनमध्ये लोकांनी भिंतीवर 'क्लॅप्टन देव आहे' असं रंगवलं होतं, मग आपण कोण बोलणार? अण्णा तापायचा. क्लॅप्टननं ज्यांच्याकडून घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लूजवाल्यांचं, फ्रेडी किंगचं, रॉबर्ट जॉन्सनचं नाव कुठल्या भिंतीवर आहे ते दाखव, म्हणायचा. जॉन्सननं १९३६ आणि ३७ मध्ये मिळून फक्त एकोणतीस गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ ला सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. क्लॅप्टननं हे ऋण स्वतः वारंवार सांगितलंय, त्यामुळे माझा त्याच्यावर राग नाही. राग आहे तो भिंत रंगवणाऱ्यांवर.

माझं उत्तर लेड झेपेलिनचा जिमी पेज. स्टुडिओत गिटारचे थरावर थर रचावेत तर त्यानंच, तिथं तो खरोखर थोर. पण स्टेजवरची रेकॉर्डिंगं ऐकली की लांबलेल्या सोलोत बोटं अडखळतात, आणि तरी लोक त्यालाच पहिला नंबर देतात.

खोक्याच्या तळाशी एकच जॅझची कॅसेट होती, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची, १९५९ सालचं रेकॉर्डिंग. लहानपणी मला ती ऐकताना झोप यायची. आता गेले आठ दिवस रोज रात्री तेच फोनवर लावतोय आणि झोप उडतेय. पुढच्या महिन्यात पणजीला एका लहान हॉलमध्ये चौघांचं जॅझ आहे. गिटार, सॅक्सोफोन, डबल बेस, ड्रम. तिकीट काढलं. समोर बसून आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार.

तुमचं सांगा. दोन्ही प्रश्नांवर सांगितलंच पाहिजे असं नाही.

कॅम्पातला

गन्स अँड रोझेसचा स्लॅश. ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहितो.

आरपीडी कॉर्नर

स्लॅशला हात लावायचा नाही. त्याचा सोलो भांडी घासताना गुणगुणता येतो. किती जणांचा येतो सांगा बघू? वेगानं वाजवणारे गल्लोगल्ली आहेत. माझ्या मते एडी व्हॅन हेलननंतर जे दोन्ही हातांनी गिटारच्या दांडीवर टकटक करत सुटले ते सगळे उगाच मोठे झाले. तो स्वतः नाही. १९७८ साली त्यानं ते ज्या तऱ्हेनं पुढं आणलं त्यात गंमत होती, जीव होता. मागच्यांनी फक्त टकटक घेतली.

खानापूरच्या आक्का

कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

रॉकमधलं मला काही कळत नाही, त्या भांडणात पडत नाही. पण धारवाडला नऊ वर्षं गाणं शिकले, म्हणून जॅझबद्दल बोलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं सगळे आपापलं वाजवताहेत. मग लेकानं मोजायला शिकवलं. बऱ्याच जुन्या गाण्यांचं एक आवर्तन बत्तीस खणांचं असतं, खणात चार मात्रा. आठ-आठ खणांचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळा. सुरुवातीला सगळे मिळून मुखडा वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर बढत करतो आणि शेवटी परत मुखडा. बोटं दुमडून मोजत बसले आणि सॅक्सोफोनवाला बरोब्बर पहिल्या खणावर उतरला तेव्हा तोंडातून आपसूक वाहवा निघाली.

फरक एकच जाणवला. आपल्याकडं तानपुरा ठाम उभा असतो, सा हलत नाही. इथं खालची जमीनच दर खणाला सरकते, सूरसंगती बदलते, आणि वाजवणाऱ्याला सरकत्या जमिनीवर चालायचं असतं. अवघड आहे हो.

तिसरी झाली. पळते.

तिसरं गेट

आक्का, हे वाचून काल रात्री मोजत बसलो. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा सापडलं. पणजीला मोजतच बसणार बहुतेक.

निपाणीकर

गिटारवरून तारेचं आठवलं. ९५ साली माझ्या गिटारची पहिली तार तुटली. निपाणीत मिळेना, कोल्हापूरला जाणाऱ्याला सांगितलं तर तो विसरून आला. आमचे मामा मिरजेला असायचे. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव, गल्लीच आहे कारागिरांची. मामानं सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य तार धाडली, कागदाच्या पुडीत गुंडाळून, वर्तुळ करून. जाडी जवळपास जुळली. पण गिटारच्या तारेला शेवटाला पितळी गोळी असते, ती घोडीत (ब्रिजमध्ये) अडकते. सतारीच्या तारेला नुसतं टोक. शेवटी स्टोव्हचा बारीक वॉशर घेतला, तार त्यातून ओवून पक्कडीनं पीळ देऊन बसवली. दोन वर्षं टिकली ती तार. आवाज थोडा झणझणीत यायचा, पण मी त्यावरच शिकलो.

मूळ प्रश्नाचं राहिलंच की. नंतर लिहितो, तंबाखूवाले आलेत.

गोकाकची आई

जिमी हेंड्रिक्स लिहायला आले होते, पण वेगळ्याच कारणानं. तो डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा फिरवून वाजवायचा. माझा मुलगा डावखुरा आहे. क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, उजव्यानं धर नाहीतर येऊ नको. तीन महिने रडत रडत गेला आणि सोडून दिलं. घरात सासूबाई ताटावर उजव्या हातानं जेव म्हणतात, तिकडं सर. मी तेव्हा भांडायला हवं होतं. त्याला हेंड्रिक्सचा फोटो दाखवला तेव्हा म्हणाला, आई, हा पण. आता गिटार पुन्हा काढलीय.

पहिला अल्बम १९६७ ला, आणि १९७० च्या सप्टेंबरात माणूस गेला. एवढ्याशा काळात एवढं करून गेलेल्याला उगाच मोठा केलाय असं मी तरी म्हणणार नाही.

आरपीडी कॉर्नर

ताई, मुलाला डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर पण दाखवा. तो डावखुरा असून उजव्या हाताची गिटार वाजवतो, आणि तीही तार छेडायची पट्टी न घेता नुसत्या बोटांनी. म्हणजे कसंही धरलं तरी चालतं. हात कुठलाही असू दे, पण सर बदला.

सुळेभावी रोड

बसमध्ये आहे, चुका झाल्या तर समजून घ्या. आमच्या गावाशेजारचं सुळेभावी म्हणजे कुमार गंधर्वांचं जन्मगाव, १९२४. क्षयानं एक फुप्फुस गेलं, तरी त्या आजारातून उठून ते गायले. लांबलचक दम नाही म्हणून लहान लहान जागा, मध्ये मोकळी शांतता. माइल्स डेव्हिस ऐकताना मला पहिल्यांदा कुमारजीच आठवले. तोही कमी वाजवतो. दोन सूर, मग थांबणं. रॉकमधल्या ज्या ज्या गिटारवाल्याबद्दल मला 'उगाच' वाटतं, त्यांच्यात हे थांबणंच नाही. पिंक फ्लॉइडच्या गिलमोरमध्ये आहे. म्हणून तो मला त्या सगळ्यांच्या वर वाटतो.

उतरायचं आलं.

नंदगडचा

शेतात हाय, भात पेरूलालोय. एवढंच विचारतो, पणजीला कुठल्या वाटेनं जाणार? चोर्ल्यानं जात असाल तर जूनमध्ये कणकुंबीच्या पुढं धुकं एवढं येतंय की समोरची गाडी दिसत नाही. दिवसाउजेडी घाट उतरा.

तिसरं गेट

चोर्ल्यानंच. जांबोटी, कणकुंबी, साखळी. सकाळी दहाला निघायचं म्हणतोय, कार्यक्रम सातला आहे.

खडेबाजार

आमची एकदा अशीच फजिती झाली. गोव्यालाच जॅझ ऐकायला निघालो आणि बस घाटात अडीच तास बंद. मुक्कामी पोचलो तेव्हा आत टाळ्या चालू होत्या, शेवटच्या. दाराबाहेर उभं राहून एवढंच ऐकलं. त्याला नऊ वर्षं झाली, परत योग नाही. तुम्ही दहाला नाही, नऊला निघा.

आणि जाताना कुंदा न्या वाजवणाऱ्यांसाठी. खरंच सांगतोय. बेळगावहून आलोय म्हटल्यावर कुंदा पाहिजेच.

कॅम्पातला

रात्र झाली, आता सविस्तर. स्लॅश मागं घेतो, आरपीडीवाल्यांचं भांडी घासण्याचं पटलं.

त्यापेक्षा महत्त्वाचं सांगतो. माझे बाबा लष्कराच्या मराठा सेंटरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तिसरी क्लॅरिनेट. लोकांना वाटतं क्लॅरिनेट म्हणजे एकच. पहिली सूर वाजवते, दुसरी-तिसरी खाली भर घालतात. परेडला हजार माणसं असत, त्यातल्या एकालाही तिसरी वेगळी ऐकू येत नाही. पण ती बंद केली की सगळ्यांना काहीतरी कमी वाटतं. बाबांनी एकवीस वर्षं तेच वाजवलं.

कॅम्पात आमच्या शेजारी एक गोव्याचे ड्रमवाले राहायचे, चर्चच्या लग्नांत वाजवणारे. त्यांनी बाबांना जॅझ लावून दिलं. गोव्याच्या कितीतरी वादकांनी मुंबईत हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात पोट भरलं, हे त्यांच्याकडूनच कळलं. चिक चॉकलेट म्हणून ट्रम्पेटवाले होते, त्यांचं नाव ते कान पकडून घ्यायचे.

तर हा धागा मी दुपारी बाबांना वाचून दाखवला. पेज, क्लॅप्टन, स्लॅश सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, फ्रेडी ग्रीनचं नाव कुणी घेतलं नाही काय रे?

फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात गिटार घेऊन १९३७ ला बसला तो १९८७ ला मरेपर्यंत. पन्नास वर्षं. दर मात्रेला एक कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, चक-चक-चक-चक, सोलो जवळजवळ नाहीच. तेरा-चौदा पितळी वाद्यांच्या आणि सॅक्सोफोनच्या मध्ये बिनविजेची गिटार. ऐकू येते असंही म्हणता येत नाही. बाबांनी मला रेकॉर्ड लावून मांडीवर चार बोटं आपटून दाखवली, हे बघ, हा इथं आहे, इथं आहे, इथं आहे. मला दहा मिनिटांनी ऐकू आला. एकदा आला की मग जाईना.

सुळेभावी रोड

हे वाचून स्टॉप चुकला असता. आता मांडीवर बोटं आपटतोय.

आरपीडी कॉर्नर

काकांना नमस्कार सांगा. तिसऱ्या क्लॅरिनेटला आमच्याकडून जास्तच.

खानापूरच्या आक्का

तंबोऱ्यावर मागं बसणाऱ्यांचंही असंच आहे. मी गुरुजींच्या मागं चार वर्षं तंबोरा धरला. कुणी विचारत नाही, पण तार जराशी उतरली की गुरुजी न वळता हात मागं करायचे.

हुक्केरीहून

मी जॅझ समोर बसून ऐकलंय असं म्हणावं की नाही कळत नाही. जानेवारी २०२३ ला बेंगळुरूला 'शक्ती' ऐकलं, जॅझ आणि आपलं संगीत मिसळणारा गट. जॉन मॅकलॉफ्लिन, झाकीरभाई, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन, सेल्वागणेश. मॅकलॉफ्लिन १९६९ ला माइल्स डेव्हिसबरोबर वाजवणारा माणूस, रॉकवाले त्याला आपला म्हणतात, जॅझवाले आपला म्हणतात. त्या दिवशी एक्याऐंशी वर्षांचा, पांढरे केस, आणि झाकीरभाईंचा तुकडा संपायच्या आधीच हसू फुटायचं त्याला. कारण पुढं काय येणार ते त्याला कळलेलं असायचं. रेकॉर्डवर हसू ऐकू येत नाही. समोर बसायचं ते त्यासाठी.

२०२४ च्या डिसेंबरात झाकीरभाई गेले तेव्हा ते तिकीट पाकिटातून काढून देवघरात ठेवलं. दादा, तुम्ही जाच. पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

निपाणीकर

परत आलो. तिसरं गेट, ती पेन्सिल असलेली कॅसेट कुठली आहे? क्लॅप्टनची?

तिसरं गेट

नाही. माइल्स डेव्हिसची.

निपाणीकर

टेप चुरगळली नसेल तर वाचते. आतला स्पंजाचा तुकडा बघा, एवढ्या वर्षांत गळून पडतो, मग आवाज दबका येतो. दुसऱ्या एखाद्या जुन्या कॅसेटचा काढून फेविकॉलच्या थेंबावर चिकटवा. स्क्रूची कॅसेट असेल तर सोपं आहे, चिकटवलेली असेल तर ब्लेडनं हळू. माझ्याकडं पॅनासॉनिकचा चालू टेप आहे. बेळगावला येणं होतं शनिवारी, घेऊन येतो. पेन्सिल तुमची तुम्ही काढा, मी हात लावत नाही.

तिसरं गेट

शनिवारी घरीच आहे. जेवायलाच या.

कॅम्पातला

एक विचारायचं होतं. पणजीच्या त्या कार्यक्रमाची तिकिटं अजून आहेत का? बाबा सकाळपासून दोनदा विचारून गेले. ७९ वर्षं, गुडघा दुखतो, गाडीत पुढं बसावं लागतं. तुमच्या गाडीत जागा असेल तर.

तिसरं गेट

पुढची सीट काकांची. तिकिटं आत्ता काढली, दोन, तुमचंही. नऊला निघू, तिसऱ्या गेटपाशी उभे राहा. कुंदा मी घेतो.