‘झोंबी’ संपली, आता पुढं काय वाचू?

सातवी गल्ली:
नमस्कार. राजारामपुरीत आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. सकाळी कॉलेजची पोरं, संध्याकाळी शाळेची. दुपारी एक ते चार गिऱ्हाईक नसतं, तेवढ्यात मी वाचतो. मी बाईच आहे, पण माझं माहेर कागलजवळचं. आमच्याकडं बाया ‘आलो, गेलो’ असंच म्हणतात. लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिच्या खोलीतल्या मुली याला हसायच्या. तिनं बोलणं बदललं. मी बदललं नाही, म्हणून इथंही तसंच लिहितो.

गेल्या पावसाळ्यात जिन्यावरनं घसरून पाय मोडला आणि दीड महिना खाटेवर काढला. सासऱ्यांनी कपाटातनं ‘मृत्युंजय’ काढून दिली. शिवाजी सावंत आजऱ्याचे, त्याचा त्यांना फार अभिमान. मग ‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’, ‘ययाति’ अशी रांगच लागली. ‘स्वामी’त रमाबाई सती जातात तिथं मी इतकी रडलो, की सासूबाई स्वयंपाकघरातनं धावत आल्या.

नंतर नणंदेनं आनंद यादवांची ‘झोंबी’ दिली, आणि तिथंच अडकून पडलोय. माझे आजोबा फाळ्यानं दुसऱ्याची जमीन करायचे. वडील चौथीत शाळा सोडून मोटेवर गेले. मोट, नाडा, धाव, थारोळं हे शब्द त्यांच्याबरोबर गेले असं मला वाटायचं. ते जाऊन सहा वर्षं झाली. ‘झोंबी’ वाचताना कुणीतरी त्यांच्या आवाजात बोलतंय असं वाटत राहिलं. बाप पोराला शाळेत जाऊ देत नाही, मळ्यात राबवतो. त्या बापाचा राग येतो, आणि त्याच्याकडं बघून पोटात कालवतंही. पुस्तक मिटल्यापासून तीन कादंबऱ्या उघडल्या आणि वीस-वीस पानांवर ठेवून दिल्या.

आपल्या भागातलं, आपल्या बोलीतलं काहीतरी सांगा. फार जाड नको. काउंटरवर एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हातानं सुट्टे पैसे द्यायचे असतात.

पन्हाळा नाका:
ताई, ‘स्वामी’ आवडली म्हणता तर रणजित देसाईंचीच ‘श्रीमान योगी’ घ्या, नाहीतर ‘राधेय’. कर्ण तुम्ही ‘मृत्युंजय’मध्ये वाचलाय, ‘राधेय’मधला वेगळा वाटेल. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले.

जुना सभासद:
पन्हाळा नाकावाल्यांनी सांगितलेली दोन्ही पुस्तकं चांगलीच आहेत. पण ताईंनी विचारलंय ते निराळं. त्यांना बोली पाहिजे. लेखक आपल्या जिल्ह्यातला असला तरी पुस्तकातली माणसं तशी बोलतीलच असं नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो, तीस वर्षं. करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद नोकरी लागल्यापासूनच. १८५० सालची संस्था ती, भवानी मंडपाजवळ. सुट्टीदिवशी पुस्तक बदलायचं, तिकिटाच्या पेटीखाली ठेवायचं आणि मुक्कामाच्या गाडीला वाचायचं. गाडीतला दिवा लावला की बॅटरी उतरते म्हणून ड्रायव्हर ओरडायचा. मग देवळातल्या कंदिलाजवळ बसायचो. अशीच गगनबावड्याकडच्या एका मुक्कामाला ‘गोतावळा’ वाचली. लेखक आनंद यादवच, पण ‘झोंबी’च्या बऱ्याच आधीची, १९७१ची.

ताई, तुम्ही हीच घ्या. ‘झोंबी’त गाव आणि मळा शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या आठवणीतनं येतो. ‘गोतावळा’तला नारबा कुठं बाहेर पडलेला नाही. तो मालकाच्या मळ्यावरचा गडी. मागं-पुढं कुणी नाही, लग्न नाही. बैल, म्हशी, कुत्रं, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. आख्खी कादंबरी तो स्वतः सांगतो, त्याच्याच बोलीत. मधे कुणी शिकलेला माणूस येऊन शुद्ध मराठीत समजावून देत नाही. पहिली दहा पानं मनात वाचताना अडखळाल, मोठ्यानं वाचून बघा. कागलकडच्या माणसाला तर काहीच अडणार नाही.

मग मालक ट्रॅक्टर आणायचं ठरवतो. पुढचं सांगत नाही, पण ट्रॅक्टर आल्यावर बैलांचं काय होतं ते आपल्या भागातल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरची जोडी विकली तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. बाजाराला न्यायच्या दिवशी वडिलांनी पहाटे दोघांना धुतलं, गळ्यातल्या घुंगूरमाळा सोडल्या आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवल्या. बैल गेले ते कासऱ्यावर, माळांशिवाय. पुढं गोठ्याची खोली झाली, भिंतीला गिलावा झाला, तरी वडिलांनी ती खुंटी काढू दिली नाही. त्या रात्री कंदिलाजवळ शेवटची पानं वाचताना मला कळलं, की वडील तेव्हा दोन दिवस का जेवले नव्हते. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

‘झोंबी’चा पुढचा भाग ‘नांगरणी’, मग ‘घरभिंती’, ‘काचवेल’. पण लगेच त्यांच्याकडं वळू नका. गोष्ट शिक्षणाच्या वाटेनं पुढं जाते आणि गाव मागं पडत जातं. तुम्हाला आत्ता गाव पाहिजे.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, एवढंच. बोली माणदेशी, आपल्यापेक्षा जरा निराळी, पण परकी नाही. अंगानं इतकी बारीक आहे, की तुमच्या तीन-चार दुपारींत संपेल.

आणि शंकर पाटलांची ‘टारफुला’. पाटील आपल्या पट्टणकोडोलीचे. लोक त्यांना कथांसाठी ओळखतात, ही कादंबरी मागं पडते याचं मला वाईट वाटतं. टारफुला म्हणजे जोंधळ्याच्या मुळावर जगणारं तण. वर इवलं फूल दिसतं आणि खाली पीक वाळत असतं. गावातल्या पाटीलकीची आणि दराऱ्याची गोष्ट सांगताना हे नाव का दिलं, ते वाचलं की समजतं.

वऱ्हाडची लेक:
काकांचं बरोबर आहे, पण मला एक वेगळं सांगायचंय. मी अमरावतीकडची, लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला सोळा वर्षं झाली. पहिल्या वर्षी इथलं बोलणं नीट कळायचं नाही आणि माझं कुणाला कळायचं नाही. तेव्हा उद्धव शेळक्यांची ‘धग’ हाती आली. वऱ्हाडातलं गाव, आणि कौतिक नावाची बाई. नवऱ्याचा आधार नाही, पोरं लहान, हातावरचं पोट, तरी ती एकेक दिवस पुढं ढकलते. ‘झोंबी’त तुम्हाला वडील भेटले, तशी मला ‘धग’मध्ये माझी आजी भेटली.

ताई, बोली तुमची नाही म्हणून ‘धग’ बाजूला ठेवू नका. मी सासरी आल्यावर ‘झोंबी’ वाचली तेव्हा निम्मे शब्द मला नवे होते. शेजारच्या काकूंना एकेक विचारत गेले, त्यातनं आमची ओळख झाली आणि ती आजवर टिकली. फक्त एक आहे, ‘धग’ फार जिव्हारी लागते. घरात आजारपण असेल तर तेवढे दिवस थांबा. मी सासऱ्यांच्या आजारपणात दुसऱ्यांदा उघडली होती, पुढं जाववेना.

भोगावती काठ:
मी विद्यापीठात एम. ए. मराठी करतोय. वरची सगळी नावं चांगली आहेत, पण सगळी जुन्या गावाची. मोट गेली, ट्रॅक्टर आला, त्यानंतरही आपल्याकडची माणसं लिहितायत. कृष्णात खोत पन्हाळा तालुक्यातले. त्यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी गाव उठतं, माणसं दुसरीकडं जातात, जनावरं मागं राहतात, आणि एकजण म्हशीसाठी परत त्या रानात जातो. आता ती म्हैस कुणाच्या दाव्याची राहिलेली नसते. काका, तुम्हाला ‘गोतावळा’ एवढी लागली असेल तर हीसुद्धा वाचा. माझ्या आजोळचं गाव धरणात गेलंय. आजी अजून नव्या घराला ‘वसाहत’ म्हणते, ‘घर’ म्हणत नाही.

विस्थापितांवरच विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहे, तिलाही अकादमी मिळालाय, १९९२ला. पण ती जाड आहे, काउंटरवर नको. राजन गवसांची ‘चौंडकं’ मात्र नक्की घ्या. देवाला सोडलेल्या मुलीची गोष्ट आहे. आपण यल्लम्माच्या जोगतिणींना दारात पीठ-मीठ वाढत आलोय. त्या परडीमागं काय असतं ते मला या पुस्तकानं दाखवलं.

सातवी गल्ली:
सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहितोय, कारण मधे शाळांची वह्या-पुस्तकांची गर्दी होती.

काकांचं ऐकून वाचन मंदिरात नाव घातलं आणि ‘गोतावळा’ आणली. पहिलं पान घरी मनातच वाचलं आणि खरंच अडखळलो. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा मोठ्यानं सुरू केलं. तेवढ्यात एक आजोबा आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आले. डोक्याला पटका, हातात दवाखान्याची पिशवी. मी थांबलो तर म्हणाले, “वाच की बाई, थांबलीस का?” मी वाचत राहिलो. ते उभ्यानंच ऐकत होते, मग स्टूल ओढून बसले. मधे एकदा म्हणाले, “ह्यो आमच्याच गावचा गडी दिसतोय.” चौदा पानं झाली. झेरॉक्सचे दोन रुपये मी नको म्हटलं, पण त्यांनी काउंटरवर ठेवलेच. जाताना पायरीवर थांबून विचारलं, “मालक त्या नारबाला ठेवतोय का घालवतोय?”

मला पुढचं माहीत नव्हतं. सोमवारी परत तपासायला यायचंय म्हणाले, वाचून ठेव. चाळीस पानं झालीत. ट्रॅक्टरचा विषय निघालाय आणि मला आता भीती वाटायला लागलीय. सोमवारी त्यांना काय सांगू?

वऱ्हाडच्या ताई, ‘धग’ पुढच्या खेपेला आणतो. घरात सगळे बरे आहेत. अडलेले शब्द तुम्हालाच विचारीन.