मगर अंड्यांवर बसत नाही हो
वरती कोणीतरी विचारलंय की मगर कोंबडीसारखी अंडी उबवते का, तर नाही. आमच्या चिपळूणला वाशिष्ठीत ज्या मगरी आहेत त्या उन्हाळ्यात काठाच्या मातीत खड्डा खणून 25-30 अंडी घालतात नि माती लोटून बुजवतात, पुढचं काम ऊन करतं, साधारण दोन महिने. गंमत म्हणजे नर की मादी हे खड्ड्यातल्या तापमानावर ठरतं, 32 अंशांच्या आसपास नर जास्त, 30 च्या खाली माद्याच. पावसाच्या तोंडावर पिल्लं अंड्यातूनच ओरडायला लागली की आई माती उकरते आणि ज्या जबड्याने कुत्रं ओढते त्याच जबड्यात पिल्लं अलगद धरून पाण्यात सोडते. तेव्हा मे-जूनमध्ये काठावर फोटोबिटो काढत फिरू नका, ती जवळपासच असते.