पहिला हप्ता कधी, ते बघा

बायकांना धंद्यासाठी छोटी कर्जं देणाऱ्या योजनांबद्दल म्हणतात, परतफेड चोख होते म्हणजे बाईचा धंदा वाढला. हा मुद्दा मला अर्धाच पटला. बऱ्याच योजनांत कर्ज हातात पडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत हप्ते सुरू होतात. शेळी घेतली तर ती विण्याआधीच पैसे भरायचे! मग शेळी राहते बाजूला. रोज पैसा सुटेल असाच माल आणला जातो.

कोलकात्यातल्या कर्जदार बायकांवरचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. काहींचा पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी ठेवला. तीनेक वर्षांनी त्यांचा नफा बराच जास्त निघाला. (प्रयोग शहरातला, पण शेळीलाही तेच लागू!) थकबाकीही वाढली, म्हणून तर कर्ज देणाऱ्या संस्था पहिला हप्ता लांबवायला कचरतात. आणि कर्ज बाईच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या धंद्यात, हे दुखणं आणखी वेगळं.