अशनी की कानपूरचं रिव्हॉल्व्हर?

दादा, घरी ठेवायला आणि रेंजवर (नेमबाजीच्या सरावाला) कुठलं हत्यार घेऊ असं विचारलंस ना, तर ९ मिमीच्या ग्लॉक १९ पिस्तुलाचा विचार सोडूनच दे, ९ मिमी आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापाचं आहे, साध्या लायसन्सवर मिळत नाही. म्हणजे तू विचारलेल्या दोन्हीतूनच निवड, .३२ ची (नळीचं माप, इंचात) अशनी पिस्तूल की .३२ चं कानपूरचं रिव्हॉल्व्हर.

घरासाठी मी तरी रिव्हॉल्व्हरच म्हणेन. रात्री झोपेतून उठून हात थरथरत असताना एखादी गोळी फुसकी निघाली तर रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर परत दाबला की पुढचं चेंबर येतं, पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मात्र हाताने मागे ओढावी लागते आणि ते प्रॅक्टिस नसलेल्या माणसाला अंधारात जमत नाही. गोळ्या सहाच, हे खरं. रेंजवर मात्र अशनी बरी, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) पटकन बदलता येतं, ट्रिगर दर वेळी जड लागत नाही. आणि हो, दोन्ही .३२ असली तरी काडतुसं वेगळी, रिव्हॉल्व्हरला .३२ लाँग आणि पिस्तुलाला .३२ एसीपी, एकाची दुसऱ्यात अजिबात घालू नकोस!

२०१४ मध्ये आलेलं निर्भीक हे .३२ चं रिव्हॉल्व्हर फक्त ५०० ग्रॅमचं, वहिनींना हाताळायला सोपं वाटेल पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं, आधी चालवून बघा.

आपल्या ग्वाल्हेरात लग्नात हवेत गोळ्या झाडायची जी हौस आहे ना, तिचा मला फार राग येतो, शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. घरात पोरं आहेत तुझ्या, त्यामुळे कुठलंही घे पण कुलपाची पेटी त्याच दिवशी आण.