कॅराव्हॅनमधला गॅसचा फ्रिज काढून घरगुती बसवायचाय, बजेट २५ हजार – सल्ला हवा

भटक्या_वारजे
नमस्कार मंडळी. ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली जुनी कॅराव्हॅन आहे. आत ९० लिटरचा तीन-मार्गी फ्रिज (गॅस, १२ व्होल्ट, २३० व्होल्ट). मार्च लागला की मराठवाड्याच्या बाजूला आतलं तापमान १४-१५ अंशांच्या खाली उतरत नाही, दूध नासतं. तो काढून साधा घरगुती सिंगल डोअर बसवायचाय.
जागा: रुंदी ५३, खोली ५८, उंची ८४ सेंमी. बाजूची फळी ८ सेंमी सरकवता येते. वर चपला-छत्र्यांचं कपाट आहे, ते काढलं तर उंची १३५.
आहे ते सामान: १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी, छतावर ३३० वॉटचं पॅनल, घरातून काढलेला स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरींची वीज देणारा) इन्व्हर्टर.
बजेट सगळं धरून २५ हजार. कृपया बाहेरचं सुचवू नये.

कट्टर_बारा_व्होल्ट
१२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या, विषय संपला. इन्व्हर्टरच नको, त्यामुळे त्याचं नुसतं चालू राहण्याचं नुकसानही नाही. ५०-६० हजारांत चांगला येतो. फक्त वायर जाड टाका. डॅनफॉस-सीकॉपच्या बीडी३५ जातीच्या कॉम्प्रेसरला २.५ मीटरपर्यंत २.५ चौरस मिमी, ४ मीटरला ४, ६ मीटरला ६ अशी तांब्याची वायर लागते. बारीक टाकली की सुरू होताना व्होल्टेज पडतं, १०.४ ला कंट्रोलर बंद करतो, मग ११.७ वर येईपर्यंत उठत नाही. लोक फ्रिजला शिव्या देतात, दोष वायरचा असतो.

पेठकर
२५ हजार हा आकडा शीर्षकातही आहे आणि आतही आहे. वाचायला पैसे पडत नाहीत.
धागाकर्ते, ९०-९५ लिटरचा घरगुती मिनी फ्रिज घ्या, दहा-बारा हजार. जुन्याच खाचेत बसेल.

घाटवाट
नाही बसणार. ते बहुतेक ८५ सेंमीच्या आसपास उंच असतात, यांची खाच ८४ ची. शिवाय वर हवेला जागा हवीच.

पेठकर
पाय काढा. १ सेंमीसाठी अडून बसायचं का?

वायरमनकाका
उंचीचं नंतर बघू, आधी विजेचं बघा. मिनी फ्रिजमध्ये बहुधा जुन्या पद्धतीचा एकाच वेगाचा कॉम्प्रेसर असतो. चालताना तो ७०-८० वॉटच खातो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या ६-८ पट ओढतो. छोटा इन्व्हर्टर तिथेच ओव्हरलोड दाखवून ट्रिप होतो. १८०-१९० लिटरच्या सिंगल डोअरमध्ये मात्र इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (वेग कमी-जास्त करणारा, बॅटरीच्या इन्व्हर्टरशी संबंध नाही) मिळतो. तो हळू सुरू होतो, झटका देत नाही. म्हणजे मापाने बसणारा फ्रिज विजेला जड आणि विजेला हलका असलेला मापाला मोठा, अशी गंमत आहे.
स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर फ्रिजला लावू नका, कुठल्याच. साध्या कॉम्प्रेसरची मोटर गुरगुरते आणि तापते, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं कंट्रोल कार्ड जळायची भीती. प्युअर साइन वेव्हच हवा, घरच्या लाइनसारखी वीज देणारा.
आता हिशेब. स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट ३६५ ने भागा. समजा १६० आहेत, म्हणजे दिवसाला ०.४४. ती झाली लेबलाची गोष्ट. उन्हात उभ्या गाडीसाठी दीडपट धरा: ६६० वॉट-तास. साइन वेव्ह इन्व्हर्टर रिकामा चालू असला तरी १५ वॉट खातो, २४ तासांत ३६०. रूपांतरातली गळती ८०. एकूण ११००, म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ ९० एएच. ट्युब्युलर निम्मीच वापरायची, ७५ एएच. एक दिवससुद्धा निघत नाही.
इन्व्हर्टरवरच्या इको मोडने (लोड नसताना इन्व्हर्टरला झोपवतो तो) वाचेल असं कोणी सांगेल. फ्रिजचा लोड कमी असताना इन्व्हर्टर जागाच होत नाही, फ्रिज बंद राहतो.

कट्टर_बारा_व्होल्ट
म्हणूनच म्हटलं, १२ व्होल्ट. आणि ती ट्युब्युलर काढून १०० एएच लिथियम फॉस्फेट टाका.

भटक्या_वारजे
दोन्ही मिळून ८० हजार झाले.

निळी_ज्योत
सगळे नवीन घ्यायच्या मागे, जुना का थंड करत नाही हे कोणी विचारलं नाही. असा गॅसवरचा, अमोनियाचा फ्रिज बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २०-२५ अंश खाली जातो. बाहेर ४० आणि आत १५ म्हणजे तो बिघडलेला नाही, हवा मिळत नाहीये. करायचं ते:
मागच्या जाळीच्या पंखांपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत जास्त पोकळी असेल तर गरम हवा वर न जाता तिथेच घुटमळते. पत्र्याचा पडदा लावून पोकळी अडीच-तीन सेंमीवर आणा. वरच्या झडपेजवळ दोन १२ व्होल्टचे कॉम्प्युटर फॅन बाहेर फुंकणारे लावा, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. बर्नरचा जेट काढून स्पिरिटमध्ये भिजवा, त्यात सुई घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत पिवळी. चिमणीतली काजळी झाडा. गाडी समपातळीत उभी करा. आणि १२ व्होल्टवर हा फ्रिज थंड करेल अशी आशा ठेवू नका. ती बाजू चालत्या गाडीत आहे तो थंडावा टिकवायला असते, १०-१४ अँपिअर सतत खाते.
बॉयलरपाशी पिवळी पूड दिसली तर मात्र गळती आहे, क्रोमेट बाहेर आलंय. मग तो कापायचा किंवा फोडायचा नाही, अख्खाच काढायचा.

भटक्या_वारजे
पिवळी पूड नाही. फॅन आहेत, तरी १४.

नियमावली
आरटीओला विचारलंत का? मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडीत फेरफार म्हणजे पासिंगला अडकणार. सगळीकडे नुसता त्रास.

पेठकर
कलम ५२ नोंदणी पुस्तकातला तपशील बदलण्याबद्दल आहे. त्यात फ्रिज लिहिलेला असतो का?

नियमावली
वजन लिहिलेलं असतं.

पेठकर
मग चपलांचं कपाट काढतायत ते वजा करा.

घाटवाट
भांडण चालू द्या, मी बसवण्याचं सांगतो. १८५ लिटरचा फ्रिज ५४ रुंद धरला तर तुमच्या ६१ मध्ये दोन्ही बाजूंना साडेतीन सेंमी राहतात. कमी आहे, पण मागून हवा खेळवली तर चालतं.
मागे काळी जाळी दिसत नसेल तर उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्यांत असते. बाजूला एकही स्क्रू मारायचा नाही. नळीला भोक पडलं की थंड करणारा आर६००ए वायू गेला, दुरुस्तीचा खर्च नव्या फ्रिजच्या जवळ जातो. पॅकिंगचा फोमही फ्रिजच्या बाजूंना चिकटवू नका. उष्णतारोधक थर गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला आतून लावा.
पकड खालून आणि वरून. पुढचे पाय काढले की तिथल्या आट्यांमध्ये बोल्ट जातो. लोखंडी एल-अँगल तिथे कसून जमिनीच्या क्रॉस मेंबरला नायलॉक नटने बांधा, प्लायला नाही. वरून रॅचेट पट्टा, तो बॉडीच्या खांबाला. कपाटाला बांधलेला पट्टा ताम्हिणीत कपाटासकट खाली येतो.
दार फक्त चुंबकी रबरावर असतं, वळणावर उघडतं. बाहेरून लॅच लावा, पण दाराच्या पत्र्यात स्क्रू मारण्यापेक्षा चौकटीला बिजागरीची आडवी पट्टी बसवणं सोपं. काचेच्या शेल्फखाली रबरी जाळीची चटई.
एक गोष्ट सगळे विसरतात. डायरेक्ट कूलमध्ये (बर्फ आपण वितळवायचा असतो तो) वितळलेलं पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या तबकात जमतं आणि घाटात ते सांडून प्लायमध्ये मुरतं. तबकात स्पंज ठेवा आणि मुक्कामाला पोचल्यावर पिळून घ्या.
फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) तर घेऊच नका, त्याचा डीफ्रॉस्ट हीटर बॅटरी खाईल.

पेठकर
फ्रॉस्ट फ्री नकोच. डायरेक्ट कूल घ्या.

वायरमनकाका
+१. बर्फ सुरीने खरवडू नका, एवढंच वर जोडतो.
वायरिंग: ९०० व्हीए साइन वेव्हला बॅटरीपासून दीड मीटरच्या आत २५ चौरस मिमी तांबं, बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरावर १०० अँपिअरचा फ्यूज. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच), इन्व्हर्टरचं अर्थ शासीला. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिची पेटी बाहेर श्वास घेणारी हवी, झोपायच्या बर्थखाली उघडी नको.

निळी_ज्योत
गॅसची लाइन कशी बंद करणार तेही विचारा. सिलिंडर बंद करून शेगडीवर लाइनमधला गॅस जाळून टाका. फिटिंग दोन पान्यांनी धरून सोडवा, नाहीतर तांब्याची नळी पिळते. फाट्यावरच पितळी प्लग बसवा, फ्लेअर जोडाला टेफलॉन टेप लावायचा नसतो. मग साबणाच्या पाण्याने तपासा. बाहेरच्या भिंतीतल्या झडपा बंद करा, नाहीतर धूळ आत येईल. जमिनीतलं भोक मात्र बुजवू नका, शेगडी गॅसवरच आहे आणि एलपीजी खाली साचतो.

सहकारनगरची_मावशी
मला विजेतलं फार कळत नाही असं समजून कोणी वाचणार नाही, तरी लिहिते. रात्री फ्रिज चालू ठेवायचा कशाला? निघायच्या आदल्या दिवशी घरच्या प्लगवर लावून पूर्ण थंड करायचा, जिन्नसही थंड करूनच भरायचे. फ्रीझरमध्ये पाण्याच्या चपट्या बाटल्या, तीन बोटं रिकाम्या ठेवून, नाहीतर फुटतात. सकाळी ऊन चढलं की थर्मोस्टॅट पूर्ण वर. रात्री दहाला त्या बाटल्या फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात, इन्व्हर्टर बंद, सकाळी सहापर्यंत दार उघडायचं नाही. दूध मधल्या कप्प्यात, दारात नाही.

कट्टर_बारा_व्होल्ट
मग सरळ बर्फपेटीच घ्या की.

वायरमनकाका
मावशींचं बरोबर आहे. रात्रीचे ८ तास बंद म्हणजे इन्व्हर्टरचेच १२० वॉट-तास वाचले, आणि जो काही खर्च आहे तो बहुतेक उन्हात पडतो. ३३० वॉटचं आडवं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास देतं. पावसाळ्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शावर समाधान माना, तेव्हा मुक्कामाचा प्लग हवाच. खेडेगावात व्होल्टेज १६० पर्यंत पडतं, म्हणून फ्रिज घेताना तो किती व्होल्टपासून चालतो ते पत्रकात बघा.

नियमावली
वॉरंटी कार्डावर 'घरगुती वापर' असतं. गाडीतला फ्रिज म्हटल्यावर मेकॅनिक हात वर करतो, हेही लक्षात ठेवा.

भटक्या_वारजे
सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: १८५ लिटरचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला डायरेक्ट कूल, साडेपंधरा हजार. ९०० व्हीए साइन वेव्ह, साडेसहा. वायर, फ्यूज, अँगल, पट्टे अडीच ते तीन. वरचं कपाट काढतोय, फळी सरकवतोय. बॅटरी तीच. रात्री बंद, मावशींच्या पद्धतीने.

कट्टर_बारा_व्होल्ट
वर्षभरात ट्युब्युलर कामातून जाईल. मग १२ व्होल्टचा घ्यालच.

पेठकर
कपाट काढलं, आता चपला कुठे?

घाटवाट
फ्रिज आत नेण्याआधी त्याचं दार उतरवा आणि गाडीच्या दाराचं माप हँडलसकट घ्या. आणताना आडवा केला असेल तर निदान चार-पाच तास उभा ठेवल्याशिवाय प्लग लावू नका, तेल खाली यायला वेळ लागतो.

निळी_ज्योत
जुना विकायचा असेल तर व्यनि करा. भोसरीहून येऊन घेऊन जाईन. फॅन आणि पत्र्याची जाळीही काढू नका, तशीच हवीय.