४३ चित्रं, पण पूर्ण हात एकाही चित्रात नाही

ओला_रंग

नमस्कार. इथे वाचत आले बरीच वर्षं, लिहिलं कधी नाही. आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी ४१ वर्षांची आहे, तैलरंगात माणसं रंगवते. आठवीत असताना चित्रकलेच्या बाईंनी माझं एक चित्र वर्गासमोर धरलं आणि म्हणाल्या, "ही पुढे नाव काढणार." त्या एका वाक्यावर मी आजवर जगले. नोकरी धरली तेव्हा ते सोबत होतं, नोकरी सोडली तेव्हाही. आपण इतरांपेक्षा वरचे आहोत हे मला कधी तपासून बघावंसं वाटलंच नाही, मी ते गृहीतच धरलं होतं.

गेल्या सहा वर्षांत प्रदर्शनं, गॅलऱ्या आणि शिष्यवृत्त्या मिळून २६ नकार आले. प्रत्येकाची वहीत नोंद आहे: तारीख, ठिकाण, पाठवलेली चित्रं, आणि शेवटचा रकाना 'कारण'. परवा ती वही पहिल्या पानापासून वाचली. 'परीक्षक जुन्या वळणाचे.' त्याच महिन्यात खाली, 'परीक्षक फॅशनच्या मागे लागलेले.' 'ओळखीशिवाय काही होत नाही.' 'मानवाकृतींचे दिवस गेले.' 'फोटो नीट अपलोड झाला नसावा.' २६ ओळी भरल्यात. चित्रात काही कमी पडलं, असं एकाही ओळीत लिहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात पोर्टफोलिओसाठी सगळ्या चित्रांचे फोटो काढले आणि बारीक करून एका पडद्यावर शेजारी शेजारी मांडले. ४३ चित्रं. तेव्हा लक्षात आलं की हातच नाहीत. एकीचे पाठीमागे बांधलेले. एकाचे खिशात. म्हातारीचे चादरीखाली. खिडकीशी उभा असलेला माणूस बरोबर मनगटाशी चौकटीने कापलाय. एका चित्रात हात मांडीवर आहेत खरे, पण त्यांच्यावर मी गडद तपकिरी रंगाचे थरावर थर दिलेत, इतके की बोटं मोजता येत नाहीत. आणि याच चित्राबद्दल मी चित्रांसोबत पाठवायच्या माझ्या निवेदनात लिहिलं होतं, 'अंधारात विरघळत जाणारी माणसं हा माझ्या कामाचा गाभा आहे.'

मला हात काढता येत नाहीत. कॉलेजात असल्यापासून येत नाहीत. मी त्याला माझी शैली म्हणत आले.

अजून एक सांगायचंय, ते सांगायला जास्त जड जातंय. माझ्याबरोबर स्टुडिओत एक मुलगी काम करायची, माझ्यापेक्षा १४ वर्षांनी लहान. तीन वर्षांपूर्वी तिचं चित्र एका प्रदर्शनात निवडलं गेलं, माझं नाही. तिने विचारलं, कसं वाटलं? मी म्हणाले, "बरंय, पण पुस्तकातल्या चित्रासारखं वाटतं." त्यानंतर तिने मला काम दाखवणं बंद केलं. तिच्या त्या चित्रात एक बाई दोरा ओवत होती. दोन्ही हात समोर, उजेडात.

गेले दहा-बारा दिवस ब्रश हातात धरवत नाही. सकाळी उठल्यावर वाटतं, जगाला कळत नाही, मीच खरी. दुपारपर्यंत वाटतं, वीस वर्षं फुकट गेली, मी चित्रकार नव्हतेच कधी. या दोन्हींच्या मध्ये उभं राहायला जागाच सापडत नाही. ज्यांना सापडली त्यांनी सांगा. उगाच धीर देऊ नका, एवढी विनंती.

करडा

मी गेली बरीच वर्षं रेखांकन शिकवतो, म्हणून आधी हातांबद्दलच बोलतो. बाकीचं त्यातून येईल असं मला वाटतं.

तुम्ही बहुतेक बोटांपासून सुरुवात करत असाल. सगळेच करतात, आणि मग केळ्याचा घड होतो. आधी तळहाताचा ठोकळा पकडा: मनगटाकडे अरुंद, बोटांकडे रुंद, आणि तो सपाट नसतो, किंचित वाकलेला असतो. चार बोटं आधी एकच गठ्ठा समजा, जणू हातमोज्यात आहेत. बोटांचे सांधे सरळ रेषेत येत नाहीत, कमानीवर येतात. अंगठा वेगळ्या पातळीवर फिरतो. हात टेबलावर सैल ठेवून बघा, बाकीची नखं वर बघतात आणि अंगठ्याचं नख बाजूला. आणि हे तर वीस-वीस वर्षं रंगवणाऱ्यांनाही चकवतं: हाताच्या पाठीकडून बोटं लांब दिसतात, तळहाताकडून आखूड, कारण बेचक्यातली कातडी आतल्या बाजूने वरपर्यंत चढलेली असते. बोट तेच, माप दोन.

रोज २० मिनिटं. डावा हात समोर, उजव्याने काढायचं. कंटाळा आला की आरसा घ्या. खोडरबर लांब ठेवा. रंग महिनाभर नको.

दुसरं. तुम्हाला ते हात आत्ता दिसले, सहा वर्षांपूर्वी दिसले नव्हते. चित्रं तीच आहेत, म्हणजे तुमची नजर पुढे गेली आणि हात मागे राहिला. १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डनिंग आणि क्रूगर यांनी व्याकरण, तर्क आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्या घेतल्या होत्या. सर्वांत खालच्या गटातले लोक सरासरी १२व्या शतमानावर होते, म्हणजे शंभरातल्या साधारण बारा जणांच्याच पुढे, पण स्वतःला ६२व्यावर समजत होते. एवढं सगळे सांगतात. त्याच निबंधातली पुढची गोष्ट कुणी सांगत नाही: तर्काच्या चाचणीत कमी पडलेल्यांना थोडं प्रशिक्षण दिलं, तेव्हा आपली आधीची उत्तरं चुकलेली होती हे त्यांचं त्यांना कळायला लागलं. चूक ओळखायला तेच कौशल्य लागतं जे चूक टाळायला लागतं. या निष्कर्षांवर पुढे वाद झाले आहेत, पण वर्गात मी ही गोष्ट दरवर्षी बघतो. विद्यार्थी सुधारू लागला की सगळ्यात आधी तो रडकुंडीला येतो.

जुनी_इझल

करडा यांच्याशी सहमत, पण मला सकाळच्या त्या 'जगाला कळत नाही' बद्दल बोलायचंय, कारण मीही त्यात बरीच वर्षं काढली. माझा आधार व्हॅन गॉग होता, जिवंतपणी फारशी कदर न झालेला चित्रकार. नकार आला की मी त्याच्याकडे बघायचो.

मग एकदा त्याच्या तारखा नीट वाचल्या. चित्रकार व्हायचं त्याने १८८० मध्ये, २७व्या वर्षी ठरवलं. जुलै १८९० मध्ये तो गेला. म्हणजे सगळं मिळून दहा वर्षं. त्यातली सुरुवातीची वर्षं तो काय करत होता? शार्ल बार्गच्या, नवशिक्यांसाठीच्या रेखांकन अभ्यासक्रमातल्या आकृत्या बघून बघून उतरवत होता, मन लावून, एखाद्या शाळकरी मुलासारखा. आणि १८९० मध्ये, शेवटच्या वर्षी, त्याने त्याच आकृत्या पुन्हा काढायला घेतल्या. तोवर त्याची गाजलेली बहुतेक चित्रं काढून झाली होती, तरी!

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जानेवारी १८९० मध्ये आल्बेर ऑरिए नावाच्या समीक्षकाने त्याच्यावर भरभरून लेख लिहिला. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट! त्याने उत्तरात आभार मानले आणि लिहिलं की या स्तुतीवर मॉन्टिचेल्ली आणि गोगँ या चित्रकारांचा हक्क जास्त आहे, माझा वाटा दुय्यमच राहील. मी ज्याच्या नावाने स्वतःला मोठं समजत होतो, तो स्वतःबद्दल असं लिहून गेला होता. त्या दिवसापासून त्याचं नाव घेऊन कुणाशी भांडलो नाही.

हातांवरून चित्रकार सेझान आठवला. त्याने काढलेलं व्होलार या चित्रविक्रेत्याचं पोर्ट्रेट, १८९९. व्होलारने लिहून ठेवलंय की तो त्या चित्रासाठी ११५ वेळा समोर बसला आणि शेवटी सेझान म्हणाला, सदऱ्याची पुढची बाजू तशी वाईट झाली नाही. त्या चित्रात हातावर दोन ठिपके कोरे राहिले होते. व्होलारने विचारलं तर म्हणाला, तिथे उगाच काहीतरी रंग लावला तर तिथपासून सगळं चित्र पुन्हा करावं लागेल. साठीतला माणूस, एका हातावरच्या दोन ठिपक्यांसाठी थांबून राहिला. तुम्ही हात झाकलेत, त्याने ठिपके उघडे ठेवले. मला या दोन गोष्टींत फार अंतर वाटतं.

तिसरा_थर

थोडा विरोध करते. मी दोनदा निवड समितीवर बसले आहे. पडद्यावर शेकडो चित्रं एकामागून एक सरकतात, एकेकाच्या वाट्याला काही सेकंद. दुपारनंतर डोळे थकतात. लागोपाठ चार निळी चित्रं आली तर पाचवं निळं चित्र मरतं, कितीही चांगलं असो. भिंत किती आहे त्यावर शेवटची दहा-पंधरा नावं ठरतात. त्यामुळे २६ नकारांतून 'मी शून्य' असा निष्कर्ष काढणं चूकच आहे, जसा 'मी महान' हा चूक होता. हात आले म्हणून २७वा होकार येईल असंही नाही. ते दोन हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवा.

ओला_रंग

तिसरा_थर, तुम्ही लिहिलंय ते खरं असणार. पण वाचताना मला इतक्या पटकन बरं वाटलं की मीच घाबरले. हेच मी सहा वर्षं त्या रकान्यात लिहीत होते. तुमचा मुद्दा मी काही दिवस बाजूला ठेवते, राग मानू नका.

तिसरा_थर

राग कसला. बरोबर करताय.

मागची_खोली

मी चित्रकार नाही. माझे वडील होते. शेवटची पंधरा वर्षं ते एका मोठ्या चित्राबद्दल बोलत. घरात सगळ्यांनी हळू चालायचं, कारण आत ते चित्र चाललंय. ते गेल्यावर खोली उघडली. भिंतीला तोंड करून लावलेले १९ कॅनव्हास होते, सगळ्यांवर पहिला पातळ थर आणि कोळशाच्या चार रेषा. पुरं एकही नाही. अपुरं चित्र कुणाला नाकारता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांना वाईट चित्र काढायची परवानगी कुणी दिली नाही, आम्हीही नाही. 'बाबा फार मोठे कलाकार आहेत' हे आम्ही इतक्या प्रेमाने म्हणायचो.

ताई, तुम्ही ४३ पुरी केलीत. मला त्यातलं एक जरी बाबांचं असतं तरी भिंतीवर लावलं असतं. आणि त्या मुलीशी बोला. हे मी इथे मध्येच लिहितोय, पण तुमच्या लिहिण्यात तोच भाग सगळ्यात दुखरा वाटला.

ओला_रंग

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय.

पहिले चार दिवस डावा हात काढला आणि पानं फाडली. पाचव्या दिवशी फाडणं बंद केलं, कारण फाडली की कालच्यापेक्षा सुधारलं का ते कळत नव्हतं. आता वहीत ७२ हात आहेत. साठ तरी वाईट आहेत. ही संख्या लिहिताना मला लाज वाटली नाही, याचं मलाच नवल वाटलं.

गेल्या आठवड्यात आई औषधाच्या पाकिटातून गोळी काढत होती. मी म्हटलं, जरा तशीच थांब. ती थांबली, हात थोडे थरथरत होते. फॉइलवर अंगठा दाबला की नखाखालचं गुलाबी ओसरतं आणि टोकाला पांढरी चंद्रकोर उमटते. दाब सोडला की रंग खालून वर भरत येतो. मी वीस वर्षं माणसं रंगवतेय आणि हे कधी पाहिलं नव्हतं, कारण पाहिलं असतं तर काढावं लागलं असतं. आईने विचारलं, झालं का? मी म्हटलं, नाही, पण गोळी घे.

त्या मुलीला मेसेज केला. तीनदा खोडला, कारण प्रत्येक वेळी त्यात माझंच दुःख जास्त यायचं. शेवटी एवढंच लिहिलं की तुझ्या दोरा ओवणाऱ्या बाईबद्दल मी जे बोलले ते मत्सराने बोलले, ते हात फार चांगले होते, मला ते तेव्हाही दिसले होते. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग आलं, "मी त्यानंतर वर्षभर हात काढले नाहीत." बाकी काही नाही. त्यावर काय लिहावं मला सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा लिहीन, तिच्या सवडीने.

सकाळ-दुपारची ती वर-खाली अजून होते. फरक इतकाच की आता २० मिनिटांचं काम दोन्ही वेळांना तसंच पडलेलं असतं.

वहीच्या 'कारण' रकान्यात २६ ओळींपुढे पेन्सिलीने पुन्हा लिहायला बसले. अकरा ठिकाणी 'हात' असं लिहिलं. चार ठिकाणी 'घाईत पाठवलं'. बाकीच्यांपुढे 'माहीत नाही' लिहिलं, कारण खरंच माहीत नाही. तिसरा_थर, तुमचा मुद्दा इथे कामी आला.

करडा, आईच्या हाताचं रेखांकन जोडलंय. अंगठा बराच जमला असं वाटतं, पण तर्जनीत काहीतरी बिघडलंय. तिचं मधलं पेर लांब झालंय का?

करडा

पेर ठीक आहे. मनगट आखूड झालंय, म्हणून बोट लांब वाटतं. अंगठ्याला हात लावू नका, तो तसाच राहू दे.